अंधारातलं ऊन

हिवाळ्यात रात्री झोपण्यापूर्वी मी एक आलेख बघते. सवय विचित्र आहे, मान्य. डॅनिश हवामान संस्था ८० अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडच्या प्रदेशाचं सरासरी तापमान रोजच्या रोज एका रेघेनं दाखवते. मी बघायला लागले तेव्हापासून माझ्या डोक्यात त्याचं एकच रूप बसलंय: हिरवी रेघ म्हणजे १९५८ ते २००२ या वर्षांची सरासरी, लाल रेघ म्हणजे चालू वर्ष, आणि मधून आडवी गेलेली निळी रेघ म्हणजे बर्फ वितळण्याचं तापमान. बाकी काही नाही.

उन्हाळ्यात हा आलेख अगदी कंटाळवाणा असतो. जूनपासून ऑगस्टपर्यंत लाल रेघ हिरवीच्या अंगाला अंग लावून निळीच्या किंचित वर लोळत पडलेली असते. सप्टेंबर संपला की मात्र तिच्या अंगात येतं. हिवाळाभर ती हिरवीच्या वरच्या बाजूला उड्या मारते, कधी चार अंश, कधी आठ. २०१६च्या नोव्हेंबरात ध्रुवाजवळचं तापमान नेहमीपेक्षा जवळजवळ २० अंशांनी जास्त होतं. २०१८च्या फेब्रुवारीत ग्रीनलँडच्या उत्तर टोकाला, केप मॉरिस जेसपला, पारा कित्येक तास शून्याच्या वर राहिला. आणि या सगळ्या काळात तिथे सूर्य नसतो. म्हणजे ढगाआड असतो असं नव्हे, क्षितिजाच्या वर येतच नाही.

हा आलेख मी पहिल्यांदा उघडला तो मामाशी वाद जिंकायला.

मामानं हयातभर भूगोल शिकवला. ऋतू मला त्यानंच समजावले होते, अंधाऱ्या खोलीत, टॉर्च आणि पृथ्वीगोल घेऊन. "आपण सूर्याजवळ जातो म्हणून उन्हाळा होत नाही बरं का. जवळ तर आपण जानेवारीत असतो. आपण कललेलो आहोत, सगळी गंमत त्यात आहे." टॉर्च स्थिर ठेवून त्यानं गोल फिरवला आणि वरचं टोक अंधारात गेलं. "इथे आता सहा महिने रात्र." मग टिळकांची गोष्ट. ऋग्वेदातल्या लांबलचक उषांवरून लोकमान्यांनी आर्यांचं मूळ स्थान ध्रुवाजवळ असावं असा तर्क बांधला होता. पुढे विद्वानांनी तो मानला नाही, हेही मामानं सांगितलं होतं. पण ध्रुवावरची पहाट खरोखरच कित्येक दिवस चालते, ही गोष्ट मला त्या वयात कुठल्याही राक्षसाच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटली होती.

निवृत्त झाल्यावर मामाला फोन मिळाला आणि फोनवर मतं मिळाली. पृथ्वी तापते आहे, हे त्याला मान्य होतं. फक्त तापवतो तो सूर्य. "अगं, ज्याच्याशिवाय पान हलत नाही त्याला सोडून तुम्ही हवेतल्या दहा हजारांतल्या चार कणांना धरता? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

गंमत अशी की हीच म्हण माझ्याही ओठांवर होती. फक्त माझ्या मते संन्यासी वर आकाशात होता.

मी आलेख पाठवला. लिहिलं, "मामा, बघ. उत्तर ध्रुवाचा प्रदेश १९७९पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतोय. आणि सगळ्यात जास्त तापतोय तो शरद-हिवाळ्यात. जिथे ऊनच नाही तिथे ऊन कसं तापवेल? गुन्ह्याच्या वेळी तुझा आरोपी गावातच नव्हता." दोन दिवस उत्तर आलं नाही. मी मनातल्या मनात ढोल वाजवून घेतला. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली.

"मग ऊब आली कुठून? कार्बन डायऑक्साइड म्हणजे काय शेकोटी आहे?"

हा प्रश्न मला तेव्हा खवचट वाटला होता. खवचट होताच. पण तो बरोबरही होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. वायू काही जळत नाही. तो उष्णता तयार करत नाही, जास्तीत जास्त अडवतो. अडवायला आधी कुठून तरी यायला हवी. जमिनीतून वर येणारी उष्णता सूर्याच्या मानानं इतकी किरकोळ आहे की हिशेबात धरत नाहीत. म्हणजे ध्रुवावरच्या काळोखातली प्रत्येक कणभर ऊब कधी ना कधी ऊन होती. मामा म्हणत होता तेच.

यातून बाहेर पडायला मला बरेच महिने लागले. कारण मी उत्तर शोधत होते हिवाळ्यात, आणि ते होतं त्या कंटाळवाण्या उन्हाळ्यात.

२१ जूनला चोवीस तासांत सर्वाधिक ऊन कुठे पडत असेल? वाळवंटात नाही, विषुववृत्तावरही नाही. वातावरणाच्या माथ्यावर मोजलं तर त्या दिवशी उत्तर ध्रुवाला विषुववृत्तापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त ऊर्जा मिळते. सूर्य तिथे वर चढत नाही, पण मावळतही नाही. क्षितिजाच्या कडेकडेनं घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो आणि चोवीस तास ओतत राहतो. एवढं ऊन मिळूनही तिथे भट्टी पेटत नाही, कारण ताजा हिम पडलेल्या उन्हातला ऐंशी-नव्वद टक्के भाग आल्या पावली परत पाठवतो. उरलेल्यातला मोठा वाटा बर्फ वितळवण्यात खर्ची पडतो, आणि हे वितळवणं भलतंच खर्चिक आहे. शून्य अंशाच्या किलोभर बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. उन्हाळ्यात लाल रेघ निळीला चिकटून का लोळते, ते आता कळलं. बर्फ शिल्लक आहे तोवर हवा फारशी तापूच शकत नाही. उष्णता येते आहे, पण थर्मामीटरला दिसत नाही.

आता बर्फ कमी झाला तर? पांढऱ्या छपराखाली काळं पाणी आहे, आणि उघडा समुद्र पडलेल्या उन्हातला जेमतेम सहा टक्के भाग परत पाठवतो. बाकीचं पितो. १९८०च्या आसपास सप्टेंबरात, म्हणजे वर्षातला सर्वांत कमी बर्फ असतो तेव्हा, आर्क्टिक समुद्रावर सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. २०१२च्या सप्टेंबरात तो ३४ लाखांवर आला. मधली सगळी जागा उन्हाळाभर ऊन पीत बसली. मग सूर्य मावळतो. आणि समुद्राला पुन्हा गोठायचं असेल तर प्यायलेली सगळी उष्णता आधी परत करावी लागते, वर, हवेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल रेघेच्या अंगात येतं ते हेच. काळोखात आलेलं ते उन्हाळ्याचं ऊन असतं.

तर माझा 'आरोपी गावातच नव्हता' हा मुद्दा बारगळला. आरोपी गावात नव्हता हे खरं, पण जाताना ठेव ठेवून गेला होता.

हे मी मामाला लगेच कळवलं नाही. एवढा मोठेपणा माझ्यात नाही.

पण या घोळातून एक गोष्ट मला पहिल्यांदा स्वच्छ दिसली. 'उष्णता कुठून येते' आणि 'उष्णता वाढली का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आम्ही दोघं एकाचं उत्तर दुसऱ्याला देत होतो. घरात पगार एकाचाच येतो. खात्यात शिल्लक वाढलेली दिसली तर पगार वाढला असेल, किंवा पगार तोच राहून खर्च कमी झाला असेल. पैसा पगारातूनच आला, हे दोन्ही वेळा खरं. त्यानं काही सिद्ध होत नाही. पगाराची पावती बघावी लागते.

सूर्याच्या पगाराची पावती उपलब्ध आहे. वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर साधारण १३६१ वॅट. मामा याला सौर स्थिरांक म्हणून शिकवायचा, पण तो अगदीच स्थिर नाही. १९७८पासून उपग्रह तो मोजत आले आहेत आणि साधारण अकरा वर्षांच्या चक्रात तो सुमारे एक वॅटनं वर-खाली होतो. हजारात एकापेक्षा कमी. ही वाढ गोल पृथ्वीवर पसरली, परत जाणारा भाग वजा केला, की हातात पाव वॅटपेक्षाही कमी उरतं. त्याचा जगाच्या तापमानावर परिणाम होतो, नाही असं नाही. सुमारे एक दशांश अंश, आणि तोही पुढच्या उतारात परत जातो. १७५०पासून माणसानं हवेत जे काही सोडलं त्या सगळ्याचा निव्वळ भार, म्हणजे पृथ्वीच्या खात्यात पडणारी जादा उष्णता, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या २०२१च्या अहवालात चौरस मीटरला २.७ वॅट धरलाय. सूर्यातल्या दीर्घकालीन बदलाचा त्याच काळातला भार शून्याच्या आसपास घुटमळतो.

सगळ्यात बोलकं वर्ष मला २०२० वाटतं. २०१९च्या डिसेंबरात सूर्य आपल्या चक्राच्या तळाशी होता, चेहऱ्यावर डाग जवळजवळ नव्हतेच. पुढचं वर्ष, २०२०, नासाच्या नोंदीत तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षाच्या बरोबरीला गेलं. पगार सर्वांत कमी त्या वर्षी शिल्लक सर्वांत जास्त.

सूर्याचे डाग हे प्रकरण मात्र माणसाला वेड लावणारं आहे, आणि मामाला त्याचा नाद लागला यात मला नवल वाटत नाही. देसाऊ गावच्या हाइनरिश श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्यानं १८२६पासून, आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी, सूर्याचे डाग मोजले. त्याला खरं तर बुधाच्या आत दडलेला एक ग्रह शोधायचा होता. सतरा वर्षांनी ग्रह काही सापडला नाही, पण डाग ठरावीक वर्षांनी वाढतात आणि ओसरतात हे सापडलं. त्याच्याही आधी, १८०१मध्ये, विल्यम हर्शेलनं डाग कमी असतानाच्या काळात गहू महाग झाल्याचं रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं आणि हसं करून घेतलं होतं. तेव्हापासून सूर्यडागांशी पृथ्वीवरचं काय काय जोडलं गेलं त्याला गणती नाही. पाऊस, व्यापारातली मंदी, रोगराई. रेघा काही दशकं एकमेकींच्या हातात हात घालून चालतात आणि मग एके दिवशी वेगवेगळ्या दिशांना निघून जातात.

यातली सर्वांत देखणी जोडी १९९१ची. फ्रीस-क्रिस्टेनसेन आणि लासेन या दोघांनी सूर्यचक्राची लांबी आणि उत्तर गोलार्धाचं तापमान एकावर एक ठेवून दाखवलं, आणि रेघा इतक्या जुळल्या की बघणाऱ्याचा श्वास थांबावा. मामाकडे तो आलेख होता. पुढे पीटर लाउट यांनी दाखवून दिलं की शेवटचे बिंदू बाकीच्यांसारखे गुळगुळीत केलेले नव्हते. सगळ्यांना एकच पट्टी लावली की रेघेचं ते शेवटचं उसळणं राहत नाही. हे दोघे संशोधक त्या वेळी काम कुठे करत होते? डॅनिश हवामान संस्थेत. माझा आलेख जिथून येतो तिथेच. मामा आणि मी एकाच घरातली भांडी एकमेकांवर फेकत होतो तर.

वैश्विक किरण आणि ढगांची एक उपकथाही आहे: सूर्य सुस्त असला की बाहेरचे किरण जास्त येतात, ते ढगांना बीज पुरवतात, वगैरे. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यावर खास प्रयोग उभा राहिला. किरणांमुळे सूक्ष्म कण बनायला मदत होते असं दिसलं, पण तापमानवाढ पेलण्याइतका तो परिणाम मोठा निघाला नाही.

मामाचा सर्वांत भारी पत्ता मात्र वेगळाच होता. एक दिवस त्यानं इंग्रजीतला एक जुना उतारा पाठवला. उत्तरेकडे समुद्र तापतोय, सील माशांना पाणी गरम वाटायला लागलंय, हिमनद्या नाहीशा झाल्यात. खाली त्याचा शेरा: "तारीख बघ." तारीख होती १९२२ची.

मला वाटलं, झालं, काहीतरी बनावट. पण ते खरं होतं. नॉर्वेतल्या बर्गनच्या अमेरिकी वाणिज्यदूतानं आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांपैकी स्पिट्सबर्गेनबद्दल पाठवलेला तो वृत्तांत त्या वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकात छापला गेला होता. (सील मासा नव्हे, हे मामाला सांगायचा मोह मी आवरला.) १९२०-३०च्या दशकांत आर्क्टिकचा तो भाग खरोखरच झपाट्यानं तापला होता. आणि इथे सूर्याला पूर्ण मोकळं सोडता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्य किंचित चढत होता, मोठे ज्वालामुखी शांत होते म्हणून ऊन अडवणारी धूळ कमी होती, उत्तर अटलांटिकचे स्वतःचे हेलकावे होते, आणि थोडा वाटा तेव्हाही हरितगृह वायूंचा होता. २००५मध्ये विली सून यांनी आर्क्टिकचं तापमान आणि सूर्याची चमक १३० वर्षं जुळवून दाखवली ती मुख्यतः या चढ-उताराच्या जोरावर, आणि उपग्रहांपूर्वीची सूर्याची चमक ही मोजलेली नसते, अंदाजलेली असते. खरी कसोटी त्यानंतर लागते. मोजमाप सुरू झाल्यापासून सूर्याची सरासरी वर सरकलेली नाही, उलट २०१४ला शिखरावर गेलेलं चक्र शंभर वर्षांतलं सर्वांत अशक्त होतं. आर्क्टिकची रेघ याच काळात सुटली.

मामाला मी लिहिलं, "१९२२चं तुझं बरोबर आहे." दहा मिनिटांत उत्तर: "बघ!" शिक्षकाला एवढं पुरतं.

आणखी मागे गेलं तर सूर्य खरोखर राजा होता. हिमयुगं आली आणि गेली ती पृथ्वीच्या कलण्यातल्या आणि कक्षेतल्या संथ बदलांमुळे. ४१ हजार वर्षांत कल थोडा कमी-जास्त होतो, साधारण २३ हजार वर्षांत सूर्याच्या सर्वांत जवळ जाण्याचा ऋतू बदलतो. सर्बियाचा मिलांकोविच पहिल्या महायुद्धात नजरकैदेत असतानासुद्धा हाच हिशेब करत बसला होता. सूर्य स्वतः यात काहीच करत नाही. टॉर्च स्थिर, गोल हलतो. मामाच्या अंधाऱ्या खोलीतलाच प्रयोग, फक्त हजारो वर्षं चालणारा. याच हिशेबानं गेली काही हजार वर्षं उत्तरेकडच्या उन्हाळ्यातलं ऊन कमी कमी होत आलंय. तळ्यांचा गाळ, बर्फाचे थर आणि झाडांची वलयं वाचून २००९मध्ये डॅरेल कॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आर्क्टिक दोन हजार वर्षं हळूहळू थंडच होत होता, हजार वर्षांत सुमारे दोन दशांश अंश. विसाव्या शतकात तो उतार उलटला. सूर्याच्या हातात कारभार असता तर ध्रुवाचा प्रदेश आज मुंगीच्या पावलानं गारठत असायला हवा होता.

या सगळ्या वाचनात मला १८९६ या वर्षाचा फार लळा लागला. फ्रिटयॉफ नान्सेनचं 'फ्राम' हे जहाज १८९३च्या सप्टेंबरात मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं होतं. बर्फाबरोबर वाहत वाहत ध्रुवाजवळून जायचं, अशी ती अचाट योजना. नान्सेन स्वतः एका सोबत्याला घेऊन मधेच चालत निघाला, पण जहाज तीन ध्रुवीय रात्री काढून १८९६च्या ऑगस्टमध्ये स्पिट्सबर्गेनच्या बाजूला सुटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वीडनच्या स्वांटे आर्हेनियसचा निबंध प्रसिद्ध झाला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला किंवा घटला तर कुठल्या अक्षांशावर, कुठल्या ऋतूत, किती फरक पडेल याची हातानं केलेली कंटाळवाणी आकडेमोड. त्याला हिमयुगाचं कोडं सोडवायचं होतं. आकडे सांगत होते की परिणाम ध्रुवांकडे वाढत जातो आणि दिवस-रात्रीतला फरक कमी होतो. म्हणजे वायू वाढला तर थंडी आणि रात्र आधी कोमट होणार. त्या उन्हाळ्यात आर्हेनियस स्वतः एका मोहिमेबरोबर स्पिट्सबर्गेनला गेलेला होता. एकीकडे काळोखाचं तापमान तीन वर्षं वहीत उतरवून घेणारं जहाज, दुसरीकडे तो काळोख पुढे कसा वागेल त्याचा कागद. दोन्ही त्या उन्हाळ्यात एकाच बेटांच्या आसपास.

सव्वाशे वर्षांनी त्या वहीवर दुसरी वही ठेवली गेली. २०१९च्या ऑक्टोबरात 'पोलारस्टर्न' हे जर्मन जहाज तसंच बर्फात अडकवून घेतलं गेलं आणि वर्षभर वाहत राहिलं. मोहिमेचे प्रमुख मार्कुस रेक्स यांनी परतल्यावर सांगितलं की हिवाळ्यात तापमान नान्सेनच्या मोहिमेपेक्षा जवळपास सततच दहा अंशांनी जास्त होतं. दहा अंश! तोच समुद्र, तीच रात्र, आकाशात सूर्य तेव्हाही नव्हता आणि आताही नव्हता.

इथवर आल्यावर मला वाटलं की गोष्ट पूर्ण कळली: पांढरं छप्पर गेलं, समुद्र ऊन प्यायला, रात्री परत करतो. सुटसुटीत, कुणालाही सांगता येईल अशी. मग २०१४चा पिथान आणि मॉरिट्सन यांचा अभ्यास वाचनात आला आणि पुन्हा खाली बसावं लागलं. हवामानाच्या प्रारूपांमध्ये त्यांनी एकेका कारणाचा वाटा वेगळा काढला तर छपराचा क्रमांक दुसरा निघाला. पहिला मान खुद्द तापमानाच्या वागण्याचा. ध्रुवावर हिवाळ्यात हवेची उतरंड उलटी असते, गार जड थर जमिनीलगत बसून राहतो आणि वरची हवा त्याहून उबदार असते. उष्ण कटिबंधात वाढलेली ऊब ढगांबरोबर उंच चढते आणि तिथून अवकाशात निसटते; ध्रुवावर ती तळाच्या पातळ थरात कोंडून पडते. शिवाय थंड वस्तू मुळात कमी उष्णता बाहेर टाकते, म्हणून तेवढीच जादा उष्णता बाहेर टाकायला तिला गरम वस्तूपेक्षा जास्त अंश तापावं लागतं. काळोख हाच इथे कोंडवाडा आहे. ऊन असतं तर जमीन तापून हवा ढवळली गेली असती आणि हा थर मोडला असता.

म्हणजे मामाला पहिल्या दिवशी मारलेली ती फुशारकी अगदीच वाया गेली नव्हती. रात्रीचा संबंध होता. फक्त मी समजत होते तो नाही.

एक गोष्ट सूर्याच्या बाजूनं कितीही ओढली तरी बसत नाही, ती आहे स्थितांबराची, म्हणजे वातावरणातल्या वरच्या थराची. सूर्य जास्त तापला असता तर जमिनीपासून वरच्या थरापर्यंत सगळीच हवा तापली असती, वरची तर आधी. पांघरूण जाड झालं असेल तर आतली बाजू उबदार होते आणि बाहेरची गार. १९६७मध्ये स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या गणितातून हेच निघालं होतं: खाली गरम, वर थंड. उपग्रहांनी पुढे मोजलं ते तसंच. २०२१चं भौतिकशास्त्राचं नोबेल मनाबेंना मिळालं त्या दिवशी मी मामाला फक्त त्यांचा फोटो पाठवला. नव्वदी गाठलेला हसरा माणूस. मामानं लिहिलं, "छान. वय काय यांचं?"

दक्षिण ध्रुवाचं काय, हे त्यानं विचारलंच. आणि विचारायलाच हवं, कारण जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा दक्षिणेला उन्हाळा असतो, आणि त्या दिवसांत पोहोचणारं ऊन जुलैपेक्षा जवळजवळ सात टक्के जास्त असतं. तरी तापला जास्त उत्तर ध्रुव. मी हे सूर्याविरुद्ध वापरणार होते, पण वेळीच जीभ चावली: कार्बन डायऑक्साइडही दोन्ही ध्रुवांवर सारखाच आहे की! फरक आहे तो जागेचा. उत्तरेला जमिनीनं वेढलेला समुद्र आणि त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा. दक्षिणेला सरासरी दोन किलोमीटर जाडीच्या बर्फाखालचा खंड, आणि भोवती असा महासागर, जो उष्णता खोल गिळून टाकतो. तिथला सागरी बर्फ २०१४पर्यंत वाढतच होता, आणि २०२३च्या फेब्रुवारीत नीचांकाला गेला. उत्तरेसारखी सरळ उतरती रेघ दक्षिणेत नाही.

मधे एकदा मामाला नवी आशा लागली होती. सतराव्या शतकात १६४५ ते १७१५ सूर्यावर डाग जवळपास दिसेनासे झाले होते आणि युरोपात थंडी होती. तसं पुन्हा होणार, सूर्य झोपणार, आणि सगळं आपोआप निवणार. २०१०मध्ये फॉयल्नर आणि राह्मस्टॉर्फ यांनी गणित मांडलं होतं की तशी दीर्घ झोप खरंच लागली तरी २१००पर्यंत जास्तीत जास्त ०.३ अंशांचा दिलासा मिळेल. सूर्य झोपलाही नाही. नवं चक्र जोरात आलं आणि २०२४च्या मे महिन्यात एरवी कधी न दिसणाऱ्या ठिकाणीही ध्रुवीय प्रकाश दिसला. मामानं त्याचे फोटो पाठवले, कुठलाही शेरा न मारता. सुंदर होते.

आता वादाची धार गेली आहे. खरं तर आम्ही वाद घालायचं सोडलं त्याच्या बऱ्याच आधी तो संपला होता. पण फोन करायला दोघांनाही निमित्त लागतं. स्वालबार्डमधल्या लाँगयिअरब्यिन गावात सूर्य महिनोन् महिने क्षितिजाखाली आणि मग डोंगराआड राहून ८ मार्चच्या सुमाराला परततो, आणि जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर त्याचं ऊन पुन्हा पडतं ते बघायला सगळं गाव जमतं. त्याचा व्हिडिओ मी मामाला दर वर्षी पाठवते. पोरं तोंडाला पिवळा रंग फासून उभी असतात. तो तीन-चारदा बघतो, असं मामी सांगते.

यंदा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठले तर त्याचा निरोप येऊन पडला होता. आलेख. माझाच, डॅनिश. आता तोही बघतो हे मला ठाऊक नव्हतं. लाल रेघ हिरवीच्या पुष्कळ वर, आणि तिच्या टोकाला त्यानं बोटानं एक वेडंवाकडं वर्तुळ काढलेलं. खाली एक ओळ:

"आज सूर्य किती वाजता उगवला गं तिथे?"

मी लिहिलं, "ध्रुवावर ना? अजून पाच आठवडे आहेत, मामा."